दयाण्णाच्या आवाजाची प्रत

१

रिपॉझिटरीतून अर्काइव्ह काढणं हे एका ओळीचं काम. आमच्या कंपनीत त्याला कुणी काम म्हणतच नसे. चहाला निघता निघता ती ओळ टाइप करायची, परत येईपर्यंत झिप तयार.

रिपॉझिटरीत सॉफ्टवेअरचं सगळं साठवलेलं असतं. आजचं, कालचं, कुणी कधी काय बदललं, काय खोडलं, सगळं. अर्काइव्ह मात्र त्यातल्या एकाच क्षणाचं असतं. त्या क्षणी ज्या फाइली होत्या त्या एका झिपमध्ये बांधून मिळतात, मागचापुढचा इतिहास येत नाही. आणि त्याच क्षणाचं अर्काइव्ह आज काढा, नाहीतर दहा वर्षांनी काढा, आत तेच निघतं. त्यात भर पडत नाही. मी इतकी वर्षं हे काम करतेय, या गोष्टीवर शंका घ्यायची कधी वेळच आली नव्हती.

आमचं सॉफ्टवेअर आवाज गेलेल्या माणसांसाठी होतं. घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधी माणसानं आपल्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. नंतर टॅबवर बोट ठेवलं की ते वाक्य त्याच्याच आवाजात बोललं जाई. हे ज्यानं बनवलं तो दयानंद. निपाणीचा. मी नोकरीला लागले ती त्याच्या हाताखाली, आणि बेंगळुरूच्या रिवाजाप्रमाणे पहिल्याच आठवड्यात तो माझा दयाण्णा झाला. पुढं त्याच दयाण्णाला घशाचा कॅन्सर निघाला. आपण बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्यानं स्वतःचा आवाज भरला, हेब्बाळच्या घरात बसून, दुखऱ्या घशानं. ऑपरेशननंतर काही महिने तो त्या आवाजात बोललाही. मग गेला.

त्याला वर्ष होत आलं तेव्हा कंपनी विकली गेली. नव्या मालकाला कोड हवा होता, पण दयाण्णाचा आवाज द्यायचा नाही असं आमच्या देवव्रतनं आधीच लिहून घेतलं होतं. देवव्रत म्हणजे आमचा मॅनेजर, पुण्याचा.

"व्हॉइसचं फोल्डर वगळून त्यांना एक झिप दे," तो फोनवर म्हणाला. "आणि दयानंदच्या मिसेसना व्हॉइससकट वेगळी. शुक्रवारी मी रिपॉझिटरी पुसतोय, त्याच्या आत कर."

मी जे. पी. नगरच्या आमच्या घरी, डायनिंग टेबलाशी बसून काम करत होते. सोमवारची सकाळ होती. आप्पा, माझे वडील, हॉलमध्ये कन्नड पेपर वाचत होते. नव्या मालकाची झिप आधी उरकली. मग व्हॉइससकटच्या झिपसाठी मी ओळ टाइप केली, झिप झाली, उघडून पाहिली तर फाइली डेस्कटॉपभर सांडल्या. सगळ्या फाइलींना एका फोल्डरचं नाव द्यायचं राहिलं होतं. नेहमीची चूक. ती झिप बाजूला टाकली, नाव देऊन पुन्हा काढली.

दुसरी झिप पहिलीपेक्षा जराशी मोठी होती.

२

दयाण्णाची शिस्त अशी, की वाक्यांना ओळीनं नंबर. "पाणी दे." "पंखा कमी कर." "मला काही होत नाहीये, तू झोप." शेवटच्या नंबराचं वाक्य होतं, "बास, थकलो आता." ते रेकॉर्ड करून तो माइकसमोरून उठला होता, असं त्यानंच मला सांगितलं होतं.

दुसऱ्या झिपमध्ये त्याच्या पुढचा नंबर होता.

मी रिपॉझिटरीत पाहिलं. तिथं ती फाइल नव्हती. इतिहासात शोधली. कधीच नव्हती.

असं होतं कधीकधी, मी स्वतःला म्हटलं. दयाण्णानं एखादी छोटी स्क्रिप्ट लावून ठेवली असेल, अर्काइव्ह काढताना कुठूनतरी जुनी रेकॉर्डिंग उचलणारी. इअरफोन सापडेना, म्हणून लॅपटॉपवर तशीच लावली.

आधी नुसती खोली ऐकू आली. ज्यांनी रेकॉर्डिंगचं काम केलंय त्यांना कळेल मी काय म्हणते ते. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. दयाण्णाच्या बाकी सगळ्या फाइलींमध्ये ती खोली मुकी होती, कारण त्यानं चारी भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या. इथं मात्र आवाज घुमत होता. कुणीतरी अनवाणी चाललं, त्याचाही आवाज घुमला. मग तो दोनदा खोकला, आखूड, एकामागोमाग एक. घसा दुखू नये म्हणून तो तसाच खोकायचा.

"चालू आहे काय हे?" दयाण्णा म्हणाला. मग जरा थांबून, "गोधड्या कुणी काढल्या?"

एवढंच होतं.

हॉलमधून पेपर मिटल्याचा आवाज आला. "दयानंद आलाय काय गं?" आप्पांनी विचारलं. "आत ये म्हण की त्याला. कॉफी टाकतो."

मी त्यांच्याकडं पाहिलं. तेही माझ्याकडं पाहत होते. मग त्यांनी चष्मा काढला.

"छे," ते म्हणाले, "काय बोलतोय मी." आणि कॉफी टाकायला म्हणून खरंच स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आले नाहीत.

३

संध्याकाळी प्रणितावहिनींचा फोन आला. दयाण्णाची बायको. हेब्बाळला एका शाळेत कन्नड शिकवतात. त्या रोज विचारत, पण असं विचारत जणू मलाच त्रास देतायत.

"झालं काय गं? नाही, घाई नाही. टॅब बंद पडल्यापासून ह्यांचा आवाजच नाही घरात. म्हणून विचारते."

"झालंच वहिनी. थोडं तपासते आणि आणून देते." मग मी शक्य तितक्या सहज विचारलं, "दयाण्णांनी दुसरीकडं कुठं रेकॉर्डिंग केलं होतं काय? गोधड्या नसलेल्या खोलीत?"

"नाही की. त्याच खोलीत. का?"

"आणि गोधड्या? त्यांनी मधे कधी काढल्या होत्या?"

"ते असताना कुठल्या निघतात? हात लावू द्यायचे नाहीत. तेरावं झाल्यावर मीच काढल्या. धुतल्या, आणि दोन माझ्या आईकडं पाठवल्या."

मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर हिशेब मांडत बसले. तो हॉस्पिटलच्या खोलीत बोलला असेल. नातेवाइकांकडं बोलला असेल. आजारी माणूस काहीही बोलतो, गोधड्या असताना नाहीत म्हणतो. यातलं प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. एकही मला पटलं नाही, पण आधाराला चालून गेलं.

आणि मग मी जे कुणीही केलं असतं ते केलं. खात्री करायला तिसरी झिप काढली.

त्यात दोन फाइली जास्त होत्या. पहिली आधीचीच. दुसरीत तो भिंतीवरून हात फिरवत होता. तळहात चुन्यावर घासत जातो तसा आवाज, लांबपर्यंत, न थांबता.

"प्रणिता," तो म्हणाला. "लाइट लाव की गं. दार कुठंशी गेलं?"

तो घाबरला नव्हता. झोपेतून उठलेला माणूस बोलतो तसा बोलत होता. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

४

दुसऱ्या दिवशी मी बेळ्ळंदूरच्या ऑफिसात गेले. माझ्या लॅपटॉपलाच काहीतरी झालं असेल, तर दुसऱ्या मशीनवर कळेल. ऑफिस रिकामं होत आलं होतं. खुर्च्या एकावर एक चढवून दोरीनं बांधलेल्या, भिंतीवरच्या घड्याळाच्या जागी फिकट गोल. काचेबाहेर रिंगरोडवर गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या आणि आत कसलाही आवाज नव्हता.

देवव्रत सर्व्हरच्या खोलीत डबे भरत होता. मी त्याला एवढंच सांगितलं, की एकाच कमिटवरून, म्हणजे एकाच नोंदलेल्या क्षणावरून, काढलेल्या झिप वेगवेगळ्या येतायत.

"हूक असेल कुठलातरी," तो म्हणाला. "दयानंदला असले उद्योग फार आवडायचे. फ्रेश मशीनवर क्लोन कर, हूक क्लोनबरोबर येत नाहीत. मग सेम येईल."

हे बरोबर होतं. हूक म्हणजे आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, ती ज्या मशीनवर लावली तिथंच राहते. मला एकदम हलकं वाटलं. इतकी साधी गोष्ट मला सुचली कशी नाही? मी एका कोऱ्या मशीनवर रिपॉझिटरी नव्यानं उतरवली, स्क्रिप्ट, सेटिंग, सगळं पाहिलं. काही नव्हतं. स्वच्छ. ओळ टाइप केली.

तीन फाइली जास्त.

ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये हेडफोन होते. ते घालून मी तिसरी लावली. आधी बराच वेळ कुणी बोललं नाही, पण कुणीतरी कान देऊन ऐकत असावं असं ते गप्प बसणं होतं. श्वास ऐकू येत होता. मग दयाण्णा अगदी हळू, माइकला ओठ लावल्यासारखा बोलला.

"इथं दुसरं कोणतरी आहे."

दूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कुणीतरी खोकलं. दोनदा. आखूड.

"खोकतोय," दयाण्णा म्हणाला. "माझ्यासारखंच खोकतोय बघ."

मी हेडफोन काढले. देवव्रत दारात उभा होता.

"आली सेम?"

"नाही," मी म्हटलं. मग काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "ऐकतोस?"

तो माझ्या चेहऱ्याकडं पाहत राहिला. हेडफोनकडं त्याचा हात गेलाही होता. मग त्यानं तो मागं घेतला.

"नको," तो म्हणाला. "माझा त्याच्यावर फार जीव होता, हर्षिता. ऐकलं की मला काम होणार नाही." जाता जाता वळला. "नव्या मालकाच्या झिपमध्ये ते फोल्डर नाहीये ना? नक्की?"

"नाहीये."

"मग शुक्रवारी पुसतो," तो म्हणाला, आणि मला वाटलं, हे तो मला सांगत नव्हता.

५

त्या रात्री मला जे सुचलं ते मी उजाडल्यावर पुन्हा तपासून पाहिलं, की दिवसाउजेडी तरी ते हास्यास्पद वाटेल. वाटलं नाही.

अर्काइव्ह म्हणजे त्या क्षणाची एक आख्खी प्रत. मी जितक्या झिप काढल्या, तितक्या वेळा त्या आवाजाची प्रत काढली होती. पहिल्या झिपमध्ये जास्तीचं काहीच नव्हतं. दुसरीत तो जागा झाला. तिसरीत दार शोधू लागला. आणि चौथीत, खोलीत त्याच्याखेरीज कुणीतरी होतं.

मग मी मोजायचं थांबवलं, कारण मोजलं की पुढचं वाक्य आपोआप मनात येत होतं.

झिप पुसून टाकाव्यात काय? माझं बोट त्या बटणापर्यंत गेलं. पण पुसणं म्हणजे त्याला सोडवणं, की आणखी काही? दयाण्णानं मला पहिल्यांदा कोड लिहायला बसवलं तेव्हा म्हणाला होता, जे तुला समजत नाही ते आधी पुसू नको, शेजारी बसून बघ. मी पुसलं नाही. सगळ्या झिप एका पेनड्राइव्हवर घेतल्या.

गुरुवारी सकाळी आप्पा दारात चप्पल घालून उभे होते. सोमवारी लॅपटॉपवर लागलेलं सगळं त्यांनी हॉलमधून ऐकलं होतं. आता म्हणाले, "त्याच्या बायकोला सांग."

"काय सांगू?"

"जे आहे ते. तिचा माणूस आहे तो. दाबून ठेवायला आपण कोण?" आणि मग, "स्वल्प खाऊन जा. रिकाम्या पोटी असलं सांगू नये."

६

प्रणितावहिनींनी शाळेतून अर्धी रजा घेतली होती. हेब्बाळच्या त्यांच्या घरावरून विमानं इतकी खाली जातात, की बोलताना मधे थांबावं लागतं. त्यांनी मला त्याच खोलीत बसवलं. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. भिंतींवर खिळे तसेच होते, ओळीनं, गोधड्यांच्या मापानं. मी टाळी वाजवून पाहिली नाही. गरज नव्हती. आम्ही बोलत होतो ते घुमत होतंच.

मी सगळं सांगितलं. मग मी लॅपटॉप उघडून तिन्ही फाइली लावल्या.

पहिल्या शब्दाला त्यांनी डोळे मिटले. "लाइट लाव की गं" ऐकलं तेव्हा त्यांचा हात खरोखरच उठला, बटणाच्या दिशेनं, आणि अर्ध्यात थांबला. तिसरी फाइल संपली. एक विमान गेलं.

मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला घराबाहेर काढतील.

"ह्यांना कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या.

"काय वहिनी?"

"गेले म्हणून." त्यांनी पदरानं लॅपटॉपच्या कडेची धूळ पुसली. "शेवटी भूल दिली होती. झोपेतच गेले. आम्ही सगळे म्हणालो, बरं झालं, कळलंसुद्धा नाही. आता बघ. कळलंच नाही की."

मी म्हटलं, "वहिनी, हे काय आहे ते मलाही ठाऊक नाही. मशीनची काही गडबड असू शकते. आवाजाचे तुकडे जोडून वाक्य बनवायची सोय आम्ही त्यात केली होती, तेच कुठंतरी आपोआप..."

"तू तसं मान," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी कुठं नको म्हणते? पण अंधारात एखादा विचारतोय कोण आहे म्हणून, तर ओ द्यायला काय जातंय?"

"ओ कशी देणार?"

"ते तुला माहीत. त्यांचं बोलणं तिकडून इकडं येतंय. माझं तिकडं जाईल असं कर."

७

करता येण्यासारखं होतं, हेच वाईट. वहिनींचा आवाज रेकॉर्ड करायचा, त्या फोल्डरमध्ये ठेवायचा, कमिट करायचा, आणि त्या नव्या क्षणाचं अर्काइव्ह काढायचं.

"पण म्हणजे आणखी एक प्रत निघेल," मी म्हटलं. "तिथं आणखी एक..."

"शेवटची. उद्या तसंही सगळं पुसणारच आहेत, नव्हे?"

दयाण्णाचा माइक अजून कपाटात होता, एका उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेला. वहिनी त्याच्या खुर्चीवर बसल्या. केस सारखे केले. मी मान हलवल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मी आहे. प्रणिता. घाबरू नका. तुमचं दुखणं संपलंय. आता झोपा."

मी फाइल ठेवली. कमिट केली. वरच्या बाणाचं बटण दाबून मी आधीचीच ओळ परत आणली, तेव्हा वहिनी माझ्या बोटांकडं बारकाईनं पाहत होत्या. एंटर दाबलं. झिप झाली.

वहिनींची फाइल तिच्या जागी होती. तिच्यानंतर आणखी एक होती.

"लाव," त्या म्हणाल्या.

खोली. तीच, घुमणारी. पण आता रिकामी नव्हती. माणसांनी भरलेल्या खोलीचा आवाज वेगळा असतो, तो लगेच कळतो. कपड्यांची सळसळ, पाय बदलल्याचा आवाज, आणि खोकला. इथून दोनदा, तिथून दोनदा, पार मागून दोनदा. सगळे आखूड. मग कुणीतरी "श्श" केलं, आणि एकजात सगळे गप्प झाले.

"ऐका," दयाण्णा म्हणाला. "प्रणिता आहे."

आणि त्या खोलीत, घुमणाऱ्या त्याच पोकळीत, प्रणितावहिनी बोलल्या.

त्यांनी आत्ता रेकॉर्ड केलेलं वाक्य नव्हतं ते. तो आवाज धापा टाकत होता, चाचपडत चालल्यासारखा.

"अहो? कुठं आहात? अंधार आहे हो इथं. हात द्या. नाही, हे नाही... हा कुणाचा हात? हा पण तुमचाच. हा पण..." बरेच लोक एकदम सरकल्यासारखं झालं. "अहो, यातले तुम्ही कुठले?"

फाइल तिथं संपली.

८

वहिनी माझ्या शेजारी होत्या. ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं. त्यांचा हात गळ्याशी गेला होता आणि तिथंच राहिला होता, नाडी पाहावी तसा.

"पुढचं लाव," त्या म्हणाल्या.

"पुढचं नाहीये."

"मग काढ. त्यांनी उत्तर दिलं असेल. ते पुढच्यात असेल."

"नको वहिनी. आणखी एक काढली तर तिथं तुम्हीही दोघी व्हाल."

त्यांनी यावर खरंच विचार केला. खिळ्यांच्या ओळीकडं पाहत, शाळेत एखाद्या मुलाच्या प्रश्नावर करतात तसा. मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती शोधूनही सापडली नाही.

"होऊ दे की," त्या म्हणाल्या. "दोघी असलो तर लवकर सापडतील."

मी लॅपटॉप मिटायला हवा होता. मी तो त्यांच्यापासून ओढून घेऊ शकले असते, त्या काही झटापट करणाऱ्या बाई नव्हत्या. त्याऐवजी मी म्हणाले, "तुम्ही आधी पाणी प्या," आणि उठले. मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं, एवढंच खरं.

स्वयंपाकघरात माठ होता. त्याच्यावर तांब्या, शेजारी स्टीलचे ग्लास. मी ग्लास भरत होते तेव्हा आतून दोन बटणं दाबल्याचा आवाज आला. वरचा बाण, एंटर. त्यांनी पाहून ठेवलं होतं.

एक विमान गेलं. त्याचा आवाज विरता विरता आतून बोलणं ऐकू येऊ लागलं. एक बाई काहीतरी विचारत होती, दुसरी सांगत होती. हळू, घरगुती, दोन बहिणी हरवलेली वस्तू शोधताना बोलतात तसं. "तिकडं बघितलंस?" "बघितलं. तो नव्हे." "मग हे?" "थांब, ह्यांना बोलू दे." मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. दोन्ही आवाज प्रणितावहिनींचे होते. एक लॅपटॉपातून येत असणार आणि एक त्यांच्या तोंडून, किंवा दोन्ही लॅपटॉपातून, आणि वहिनी नुसत्या ऐकत असतील. मला ओळखता येईना. दोन्ही सारखेच घुमत होते.

मग एकाएकी थांबलं. बऱ्याच वेळानं एका पुरुषाचा हुंदका ऐकू आला. की निःश्वास. एकट्याचाच होता. बाकी कुणी खोकलं नाही.

"हर्षिता," आतून हाक आली. "पाणी आणतेस ना?"

मी गेले. हाक कुणाचीही असो, तहानलेल्याची होती.

वहिनी खुर्चीत होत्या, दाराकडं पाठ करून. लॅपटॉप मिटलेला, त्याच्यावर पेनड्राइव्ह. मी पुढं होऊन त्यांचं तोंड पाहिलं. डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. तसा मी तो वर्षभरात पाहिला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि एका दमात रिकामा केला.

"सापडले," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी देवव्रत ती रिपॉझिटरी पुसणार होता, आणि ठरल्याप्रमाणे त्यानं ती पुसलीही. त्या घडीला मला वाटलं, झालं, संपलं. मी ग्लास घ्यायला हात पुढं केला.

वहिनींनी तो माझ्या हातात दिला आणि सोडला नाही.

"अजून एक भरून आण," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडं मायेनं पाहिलं. "हिलाही तहान लागलीय."